शंभर सेकंदांची तयारी : कोपरखैरण्यातला राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन

यंदा ६ मे रोजी सकाळी दहा वाजता नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या आमच्या वसाहतीशेजारच्या मैदानावर दोनशेच्या आसपास माणसं शंभर सेकंद स्तब्ध उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांना वाहिलेली ही आदरांजली. ऐकायला कार्यक्रम एवढासा वाटतो, पण त्याचा पहिला कागद मार्चमध्ये लिहिला गेला आणि शेवटचं काम जूनमध्ये संपलं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाला हा दिवस करायचा असेल तर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

शंभर सेकंद का, हे आधी. महाराज गेले ६ मे १९२२ रोजी, मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीच्या पन्हाळा लॉजवर. वय अवघं ४७. २०२२ साली स्मृतिशताब्दीला कोल्हापूर शहर सकाळी दहा वाजता शंभर सेकंद थांबलं होतं. तीच वेळ, तेवढेच सेकंद आम्ही घेतले. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीच्या माथाडी वसाहतींत सातारा, सांगली, कोल्हापूरकडची घरं भरपूर. गावी जाणं जमत नाही, पण दिवस पाळायचा असतो, अशी ही माणसं. आणि महाराजांचा अखेरचा श्वास खाडीच्या पलीकडच्या मुंबईतच गेलेला, तेव्हा इकडे त्यांचं स्मरण व्हायलाच हवं, असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

मार्चच्या सुरुवातीला मंडळाची बैठक झाली. तिथे पहिला ठराव कार्यक्रमात काय नसेल याचा केला : डीजे नाही, ढोल-ताशा नाही, फटाके नाहीत, सत्कार नाहीत, व्यासपीठ नाही. जयंती २६ जूनला असते, शासन तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. मिरवणूक, लेझीम त्या दिवशी शोभतं. स्मृतिदिनाला शांतता हवी. हा ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सह्या घेणं फार उपयोगी पडतं. एप्रिलअखेर कुणीतरी ‘थोडा साउंड तरी हवाच’ म्हणतं, तेव्हा वाद न घालता वही पुढे करता येते. शिवाय पोलीस ठाण्यात अर्ज देताना याच ठरावाची प्रत जोडली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

दुसरा ठराव पैशांचा. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला अशा कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही. आम्ही रोख वर्गणी घेतलीच नाही. खर्च मंडळाच्या सभासदांनी आपसांत वाटून घेतला आणि लोकांना एवढंच सांगितलं : हार आणू नका, वही आणा (वसतिगृहांतल्या मुलांना द्यायला). सोसायटीच्या दुरुस्ती निधीला किंवा सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीला) हात लावायचा विचार कुणी करत असेल तर करू नये. लेखापरीक्षणात तो खर्च अडकतो.

मग परवानग्या. इथे वेळेचं गणित समजून घ्यायला हवं. एप्रिलमध्ये १४ तारखेची बाबासाहेबांची जयंती असते, रामनवमी आणि हनुमान जयंतीही बहुतेक वर्षी त्याच सुमारास येतात, आणि मग १ मे. पोलीस ठाणं बंदोबस्तात गुंतलेलं असतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज घेऊन गेलं तर कागद पडून राहतो. म्हणून मार्चअखेर अर्ज द्यावा.

मैदान महापालिकेच्या ताब्यातलं असेल तर अर्ज विभाग कार्यालयाकडे. त्यात तारीख, वेळ (मांडणी आणि आवराआवर धरून), लागणारं क्षेत्रफळ, अपेक्षित उपस्थिती आणि हाताने काढलेला का होईना पण मापं टाकलेला नकाशा. नकाशात दोन वाटा दाखवा : एक आत यायची, एक रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी शिरेल अशी मोकळी. भाडं आणि अनामत क्षेत्रफळावर आणि दिवसांवर ठरते. मांडणीला आदल्या दिवशी संध्याकाळ लागणार असेल तर ती अर्जातच लिहा, नाहीतर परवानगी एकाच दिवसाची येते आणि आदल्या रात्री बांबू उभे करायला अडचण होते.

अर्जांची नेहमीची कोंडी अशी, की जागेची परवानगी देणारे पोलिसांचा ना-हरकत दाखला मागतात आणि पोलीस जागेची परवानगी मागतात. ती फुटते पोचेने. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्यायचे, प्रत्येकावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा आणि एकाची पोच दुसऱ्याला जोडायची. दोन्हीकडे ‘अर्ज प्रलंबित’ असल्याचा पुरावा असला की काम पुढे सरकतं. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही असं समजावं.

पोलीस ठाण्याचा अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे. सोबत आयोजकांपैकी पाच जणांची नावं, पत्ते, मोबाइल आणि आधारच्या प्रती, कार्यक्रमपत्रिका, ध्वनिक्षेपकांची संख्या, स्वयंसेवकांची यादी. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वरचेवर निघतात. ते लागू असताना पाच किंवा अधिक माणसांच्या विनापरवाना जमावाला बंदी असते, म्हणून ‘आपल्याच वसाहतीत तर आहे’ असं म्हणून परवानगी टाळू नये. परवानगीबरोबर किंवा आदल्या दिवशी आयोजकांना एक नोटीस हातात पडते. पूर्वी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून, तिला १४९ ची नोटीस म्हणत, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, घरच्यांचं तर विचारूच नका. ती प्रतिबंधात्मक नोटीस आहे, गुन्हा नोंदवलेला नसतो. शांतता राखा, अटी पाळा, एवढाच तिचा अर्थ. वाचून सही करायची आणि एक प्रत फाइलला लावायची.

ध्वनीच्या अटी सरळ आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. नकाशावर जवळची शाळा, दवाखाना किती लांब आहे ते आधीच मोजून लिहून टाका. आम्हाला दोनच छोटे स्पीकर पुरले. दोनशे माणसांना मोठ्या आवाजाची नाही, स्पष्ट आवाजाची गरज असते. स्पीकर कानाच्या उंचीच्या थोडे वर आणि माइकच्या पुढे ठेवले की शिट्टी येत नाही.

वीज सोसायटीच्या सामायिक मीटरवरून घेतली, त्यासाठी सोसायटीचं लेखी पत्र. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून वायर ओढणं बेकायदेशीर आणि जिवावर बेतणारं. तीन तारांची सलग वायर, मध्ये जोड नाही, आणि सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). मोठा मांडव आणि दिव्यांची रोषणाई असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी लागते, तिचा अर्ज वेगळा. रस्त्याकडेला फलक लावायचा तर त्याचीही परवानगी आणि फलकावर परवानगीचा क्रमांक व मुदत हवी. आम्ही बाहेर एकही फलक लावला नाही. निरोप इमारतींच्या सूचनाफलकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर.

कागद फिरत असतानाच प्रदर्शनाचं काम सुरू होतं. माझ्या मते या दिवसाचा कणा हाच. भाषण विसरलं जातं, पाटी वाचलेली लक्षात राहते. दोन बाय तीन फुटांच्या बारा पाट्या ठरवल्या आणि प्रत्येक पाटीवर एकच गोष्ट. २६ जुलै १९०२ चा आदेश, ज्याने करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा राखल्या. तो निघाला तेव्हा महाराज इंग्लंडला होते. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी उभी राहिलेली वसतिगृहं. १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१२ चं खासबाग कुस्ती मैदान. भोगावतीवरचं राधानगरीचं धरण, जे महाराजांच्या हयातीत पुरं झालं नाही. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान, जिथे महाराज स्वतः थांबून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. मार्च १९२० ची माणगाव परिषद, जिथे त्यांनी बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे पुढे केलं. आणि शेवटची पाटी पन्हाळा लॉजची.

मजकुराची एक शिस्त पाळली : महाराजांच्या तोंडचं म्हणून जे फिरतं त्यातलं मूळ सापडलं नाही ते पाटीवर घेतलं नाही. फॉरवर्डमध्ये येणारी वाक्यं कितीही भारदस्त असली तरी ती त्यांची नसतील तर त्यांच्या फोटोशेजारी छापणं हा त्यांचाच अवमान आहे. आदेश, जाहीरनामे उपलब्ध आहेत. त्यातल्या दोन ओळी पुरेशा बोलतात.

छपाईत काय काय बिघडू शकतं ते नीट सांगतो, कारण इथला घोळ सर्वांसमोर टांगला जातो. पहिलं, चित्र. ‘शाहू महाराज’ एवढंच सांगितलं तर छापणारा नेटवरून साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचं चित्र उचलतो. ते संभाजी महाराजांचे पुत्र, १७४९ साली निवर्तले. त्यांची जुन्या शैलीतली रंगीत चित्रं आहेत. राजर्षींचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो आहेत. फोटो आपणच द्यावा, मोठ्या आकारात, चॅटवरून नाही तर ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर. चॅटमध्ये तो दाबला जातो आणि तीन फुटांवर चेहरा फुटतो. दुसरं, तारखा. जुन्या छापील मजकुरात जन्मतारीख २६ जुलै आढळते, शिवाय आरक्षणाच्या आदेशाची तारीखही २६ जुलैच, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. जन्म २६ जून १८७४. तिसरं, अक्षरं. युनिकोडमधला मजकूर छापणाऱ्याच्या संगणकावर जुन्या फाँटमध्ये बदलला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि ‘राजर्षी’ हाच शब्द सगळ्यात आधी मोडतो. मजकूर टाइप करून देऊ नका. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेषाचित्रांत) बदललेली पीडीएफ द्या आणि एका पाटीचा नमुना कागदावर काढून दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. ज्याने लिहिलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

पाट्यांसाठी पाच मिलिमीटर सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ फलक), त्यावर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशन उन्हात आरशासारखं चमकतं आणि काही वाचता येत नाही. एका पाटीवर ऐंशी-नव्वद शब्दांपेक्षा जास्त नको. पाटीचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर. दुतर्फी चिकटपट्टी मे महिन्यात अकरा वाजेपर्यंत सुटते, म्हणून चारही कोपऱ्यांना भोकं पाडून नायलॉनच्या पट्ट्यांनी बांबूच्या चौकटीला बांधल्या. आमच्याकडे दुपारनंतर खाडीचा वारा सुटतो. चौकटीच्या पायाशी वाळूची पोती हवीतच. मे महिना आहे, अवकाळी सर कधीही येते, तेव्हा पाट्या झाकायला ताडपत्री जवळ.

खर्च लिहितो, अंदाज यावा म्हणून. पाट्या एकूण ७२ चौरस फूट, ८५ रुपये दराने ६,१२०. सावलीची हिरवी जाळी, बांबू, मजुरी ९,०००. शंभर खुर्च्या १,२००. माइक आणि स्पीकर ३,५००. फुलं ९००. पाणी आणि ताक २,८००. मैदानाचं भाडं आणि अनामत सोडून साडेतेवीस हजारांच्या आसपास.

५ मे रोजी संध्याकाळी जाळी बांधली. दहा वाजता ऊन कोणत्या बाजूने येतं ते आदल्या सकाळी बघून ठेवलं होतं. जाळी फक्त डोक्यावर असून चालत नाही, पूर्वेकडून खाली उतरलेली हवी. फोटो दोन बाय तीन फुटांचा, पांढऱ्या कापडाच्या टेबलावर, पाठीला भक्कम आधार. एकच हार, मोगऱ्याचा, कारण मोगरा त्या दिवसांत ताजा मिळतो. समईला काचेची चिमणी, नाहीतर वाऱ्याने ती सारखी विझते.

आता शांततेची तयारी. नवी मुंबईच्या कुठल्याही नोडमध्ये (उपनगरात) सकाळी दहा वाजता शंभर सेकंद शांतता आपोआप मिळत नाही, ती मिळवावी लागते. आठवडाभर आधी त्याच वेळी मैदानात उभं राहून कोणकोणते आवाज येतात त्यांची यादी केली. सोसायट्यांचे पाण्याचे पंप, घंटागाडीचं गाणं, भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला पुकारा, शेजारच्या इमारतीतलं फरशी कापायचं मशीन, रिक्षा स्टँड. पंप साडेनऊपर्यंत आटपायला सांगितलं. घंटागाडीच्या चालकाला आदल्या दिवशी भेटून विनंती केली, त्यांनी फेरीचा क्रम बदलला. फरशीवाल्यांनी दहा मिनिटांची सुट्टी घेतली. रिक्षावाले स्वतः रिक्षाबाहेर येऊन उभे राहिले. पत्र पाठवून हे होत नाही. जाऊन, कशासाठी ते सांगून होतं. महाराजांचं नाव काढल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. जो आवाज थांबवता येणार नाही, म्हणजे मोठ्या रस्त्याचा, त्याच्याकडे पाठ येईल आणि मध्ये इमारत येईल अशी उभं राहायची जागा निवडली.

घोषणेने शांतता सुरू केली की पहिले दहा सेकंद चुळबुळीत जातात. म्हणून पितळी घंटा. पहिल्या ठोक्याला स्तब्ध, दुसऱ्याला समाप्त. ९ वाजून ५८ मिनिटांनी शेवटची सूचना : फोन विमान मोडवर, ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी निःसंकोच बसावं. ९ वाजून ५९ ला माइकच्या मिक्सरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) खाली. मिक्सर बंद करायचा नाही. बंद-चालू करताना स्पीकरमध्ये ‘धप्प’ आवाज होतो. चालू ठेवून फेडर वर राहिला तर बारीक घरघर येते, ती एरवी कळत नाही पण शांततेत फार कळते. वेळ बघणारा माणूस वेगळा आणि घंटा वाजवणारा वेगळा. वेळ बघणाऱ्याने हाताने खूण करायची, तोंडाने नाही. बरोबर दहाला ठोका, १० वाजून १ मिनिट ४० सेकंदांना दुसरा.

लहान मुलांबरोबर आदल्या संध्याकाळी सराव केला. मुलांना नुसतं ‘गप्प राहा’ सांगितलं तर जमत नाही; मनातल्या मनात सावकाश शंभर मोजायला सांगितलं की जमतं. मोठ्यांनाही तेच सांगावं. फोटो काढणारा एकच, तोही मागून. ड्रोन नको, त्याला वेगळी परवानगी लागते आणि त्याच्या पंख्यांची घरघर सगळ्या शांततेवर पाणी फिरवते.

मे महिन्यातली दमट हवा विसरू नये. शांतता शंभर सेकंदांची असली तरी माणसं पाऊण तास मैदानात असतात. दर माणशी अर्धा लिटर धरून वीस लिटरचे पाच जार, दीडशे मिलिलिटरच्या पेल्याने दोनशे माणसांना तीस लिटर ताक. ज्येष्ठांच्या खुर्च्या पहिल्या दोन रांगांत, सावलीत. घेरी येणाऱ्यासाठी एक सतरंजी आणि ओआरएसची पाकिटं बाजूला.

कार्यक्रम नऊ पस्तीसला सुरू झाला. समई, हार, मग वसाहतीतल्या एका विद्यार्थिनीने १९०२ च्या आदेशातला भाग वाचला, मग बारा मिनिटांचा पोवाडा, मग शांतता. शेवटी फक्त पाट्या बघायची सूचना. लोकप्रतिनिधींना निमंत्रण होतं, आणि तेही रांगेतच उभे राहिले, कारण बसायला व्यासपीठच नव्हतं. भाजी मार्केटला रात्रपाळी करणारे दुपारी झोपून संध्याकाळी येतात, म्हणून प्रदर्शन आठपर्यंत ठेवलं. खरी गर्दी सहानंतरच झाली, आणि सगळ्यात जास्त वेळ माणसं थांबली ती बोर्डिंगांच्या पाटीपाशी. कोणाचे आजोबा कुठल्या बोर्डिंगात होते ते लोक एकमेकांना सांगत होते.

वह्या टेबलावर नोंदवून घेतल्या : किती पानी, एकेरी की दुरेघी की चौकटी. दोनशे पानी लाँगबुक मोठ्या मुलांना लागतं, पहिली-दुसरीला चार रेघी लागते. हे आधी सांगितलं नाही तर सगळे एकाच प्रकारच्या वह्या आणतात. मुखपृष्ठावर कुणा नेत्याचा फोटो असलेल्या वह्या घेतल्या नाहीत. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि तोवर पाऊस आलेला असतो, तेव्हा खोकी भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळीवर, प्लास्टिकमध्ये. दोन वसतिगृहांशी एप्रिलमध्येच बोलून कोणत्या वह्या किती लागतील ते लेखी घेतलं होतं. जूनमध्ये त्या नेऊन दिल्या आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची पोच घेतली. मुलांना रांगेत उभं करून वाटपाचे फोटो काढले नाहीत. महाराजांनी वसतिगृहं काढली ती मुलांनी मान वर करून शिकावं म्हणून.

अनामत परत मिळवायची तर मैदान आवरल्यावर त्याच दिवशी चारही कोपऱ्यांतून तारीख दिसेल असे फोटो काढावेत, बांबूचे खड्डे मातीने बुजवल्याचेही. परतीच्या अर्जाला मूळ पावती, परवानगीची प्रत, हे फोटो आणि रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. ज्याच्या नावाने अनामत भरली त्याच नावाचं बँक खातं हवं. मंडळाचं खातं नसेल तर भरतानाच हा विचार करा. पाट्या सुती चादरीत गुंडाळून उभ्या ठेवल्या आहेत, आडव्या रचल्या तर सनबोर्डला पोक येतो. जयंतीच्या आठवड्यात शेजारच्या वसाहतीने त्या मागून नेल्या. तुमच्याकडे लावायच्या असतील तर आमच्याकडून न्या, बांबू मात्र तुमचे.